डब्यावरील बारीक अक्षरें

गेल्या महिन्यांत आमच्या कबनूरच्या घरीं धाकट्या नातवाचें उष्टावण झालें. मामाच्या मांडीवर बाळास बसवून चांदीच्या वाटींतील खीर अंगठीनें चाटविण्याचा विधि यथासांग पार पडला. दुसऱ्या दिवशीं सूनबाईनें बाजारांतून आणलेला बालान्नाचा एक डबा माझ्यापुढें ठेवला आणि विचारलें, “मामंजी, हें बाळाला द्यावें कीं न द्यावें?”

माझें सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत मुलांकडून मुळाक्षरें गिरवून घेण्यांत गेलें. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. परंतु अक्षर दिसलें कीं तें वाचल्याशिवाय सोडूं नये, ही संवय हाडीं खिळलेली. चष्मा लावला, वर भिंग धरलें, आणि डब्याच्या पाठीवरील मजकूर वाचूं लागलों. गव्हाचें पीठ, दुधाची भुकटी, साखर, तेल, कॅल्शियम, लोह, अमुक जीवनसत्त्व, तमुक जीवनसत्त्व. मुंगीच्या पावलाएवढीं तीं अक्षरें! पण त्यांची हकीकत शोधूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, यांतील पुष्कळशा शब्दांमागें इतिहास आहे, आणि तो बहुधा कोणा ना कोणा बाळाच्या दुखण्यानें लिहिला गेलेला आहे. तोच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आरंभ एका अडचणीपासून करूं. आईचें दूध नसेल, किंवा पुरत नसेल, तर बाळास काय द्यावें? पूर्वीं सधन घरीं दूध पाजणारी दाई ठेवीत. गरिबाघरीं गाईचें, शेळीचें अथवा म्हशीचें दूध पाणी घालून देत. आमचा कोल्हापुराकडील मुलूख म्हशीच्या दुधाचा. शंभर ग्रॅम आईच्या दुधांत प्रथिनें सुमारें १ ग्रॅम असतात. गाईच्या दुधांत तीं ३ ग्रॅमच्या वर, तर म्हशीच्या दुधांत ४ ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हशीच्या दुधांतील स्निग्धांश तर आईच्या दुधाच्या जवळ जवळ दुप्पट. वासराला जें मानवतें तें माणसाच्या अर्भकाला मानवेलच असें नाहीं, हें आमच्या आज्यांनाहि ठाऊक होतें. म्हणूनच त्या दुधांत पाणी घालीत. पण पाणी घातलें कीं जड अंशाबरोबर हवा असलेला अंशहि पातळ होतो, आणि पाणी शुद्ध नसेल तर दुखणें घरांत येतें.

या अडचणीवर रसायनशास्त्राच्या मार्गानें उपाय काढण्याचा प्रसिद्ध प्रयत्न जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग या थोर शास्त्रज्ञानें १८६५ सालीं केला. गव्हाचें पीठ, मोड आणून भाजलेल्या जवाचें पीठ, गाईचें दूध आणि थोडा क्षार यांचें त्यानें एक सूप बनविलें, आणि घटकांच्या हिशेबानें तें आईच्या दुधाच्या बरोबरीचें आहे असें प्रतिपादन केलें. यांतली खुबी मोडांत आहे. धान्याला मोड आले म्हणजे त्यांत पिष्टाचे तुकडे करणारें एक पाचक द्रव्य जागें होतें. त्यामुळें खळ घट्ट न होतां पातळ राहते आणि थोड्या पाण्यांत अधिक अन्न मावतें. श्रोतेहो, हें वाचतांना मला हसूं आलें. आमच्या घरांतून नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून बाळाची पेज करतात, ती याहून वेगळी काय? लीबिगनें जें प्रयोगशाळेंत मांडलें, तें आमच्या बायका फडक्यांत बांधून चुलीच्या उबेला ठेवीत आल्या आहेत.

परंतु घटकांचा हिशेब जुळला म्हणजे अन्न जुळलें असें होत नाहीं, याचा धडा लवकरच मिळाला. १८६७ सालीं पॅरिसमध्यें देपोल नांवाच्या प्रसूतिवैद्यानें लीबिगचें हें अन्न चार नवजात अर्भकांस देऊन पाहिलें. चारही अर्भकें थोड्याच दिवसांत दगावलीं. लीबिगनें आपली बाजू मांडली, वाद पुष्कळ झाला; पण व्यापार थांबला नाहीं. त्याच १८६७ सालीं स्वित्झर्लंडमधील व्हेवे गांवीं हेन्री नेसले या औषधविक्रेत्यानें दूध, भाजलेलें गव्हाचें पीठ व साखर यांची भुकटी विकावयास काढली. तिच्या जोरावर अपुऱ्या दिवसांचें एक बाळ वांचलें, ही वार्ता सर्वत्र पसरली. पाठोपाठ मेलिन, हॉर्लिक अशीं नांवें बाजारांत आलीं. न्यूझीलंडच्या जोसेफ नेथन यांच्या कंपनीनें दूध वाळवून त्याची भुकटी केली आणि १९०६ सालीं तिला ‘ग्लॅक्सो’ हें नांव दिलें. हा डबा विकण्यासाठीं १९२४ सालीं मुंबईंत एच. जे. फॉस्टर आणि कंपनी निघाली. गुटगुटीत पोराला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची आपल्याकडील चाल त्या डब्याबरोबर आली.

आतां दुखण्यांची बाजू पहा. १८८३ सालीं लंडनच्या डॉ. टॉमस बार्लो यांनीं एक विलक्षण रोग वर्णिला. मूल वरून भरलेलें दिसे, पण पाय हलविला कीं किंचाळे. हिरड्या सुजत, हाडांच्या आवरणाखालीं रक्त सांचे. ही बालवयांतील स्कर्व्ही होती. दर्यावर्दी खलाशांचा रोग पाळण्यांतल्या बाळाला कोठून झाला? १८९८ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें अशा ३७९ बाळांची माहिती एकत्र केली, तेव्हां दिसून आलें कीं त्यांतील पुष्कळशीं बाळें तयार डब्याच्या अन्नावर किंवा फार तापविलेल्या दुधावर वाढलेलीं होतीं, आणि तीं गरिबांचीं नव्हे, तर बहुतांशीं खात्यापित्या घरचीं होतीं. डबा महाग, म्हणून त्याचें दुखणेंहि आधीं श्रीमंतांच्या दारीं गेलें. फळाचा रस चमचाभर पाजला कीं मूल कांहीं दिवसांत खेळूं लागे. त्या रसांत काय आहे तें पुढें १९३० च्या सुमारास कळलें, आणि डब्यावर ‘क जीवनसत्त्व’ हे शब्द आले.

मुडदुसाची कथा अशीच. ड जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर तें दुधाच्या भुकटींत घालूं लागले आणि पाय वांकलेलीं मुलें कमी झालीं. परंतु चांगल्याचाहि अतिरेक होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत बाळांच्या अन्नांत हें जीवनसत्त्व इतकें पडूं लागलें कीं कांहीं बाळांच्या रक्तांत कॅल्शियम वाढून तीं आजारी पडलीं. तेव्हां १९५७ सालीं प्रमाण उतरविण्यांत आलें. म्हणून आज नियमांत ‘इतकें असावें’ याच्या जोडीला ‘इतक्याच्या वर नसावें’ अशीहि मर्यादा असते.

येथवरची कथा डब्यांतील मालाची झाली. पण डबा कोणाच्या हातीं पडतो, कोणत्या पाण्यांत कालवला जातो, आणि त्यावरील सूचना वाचतां येते कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३९ सालीं सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढें भाषण केलें, त्याचा मथळाच ‘दूध आणि हत्या’ असा होता. गोड आटीव दूध मातेच्या दुधाऐवजीं गरिबांच्या गळ्यांत बांधणाऱ्या जाहिरातींवर त्यांचा रोख होता. हें भाषण मीं उतारवयांत वाचलें. पण त्यांतील गोष्ट मला फार लहानपणींच माहीत झाली होती. ती येथें सांगणें प्राप्त आहे.

कबनूर हें इचलकरंजीच्या उंबऱ्यावरचें गांव. इचलकरंजीस पहिला यंत्रमाग १९०४ सालीं आला, आणि पुढें आमच्या गांवाचाहि दिवस मागांच्या खटखटाटांत उगवूं लागला. माझे वडील मागावर होते, आई कांड्या भरीत असे. १९६८ सालीं मला धाकटा भाऊ झाला. दोन महिन्यांत आई कामावर गेली, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. कोणीतरी सांगितलें म्हणून वडिलांनीं दुधाच्या भुकटीचा डबा आणला. त्यावर एका गुबगुबीत बाळाचें चित्र होतें. तें आम्हां सर्वांना वाचतां आलें. सूचना इंग्रजींत होत्या. त्या घरांत कोणालाच वाचतां आल्या नाहींत. आठदहा दिवसांत संपावयाचा तो डबा आम्हीं महिनाभर पुरविला. एका चमच्याच्या जागीं अर्धा चमचा, वर विहिरीचें पाणी. बाटली भरलेली दिसे, पांढरी दिसे. मग बाळ उपाशी आहे असें कोणाच्या मनांत तरी कसें यावें? आठव्या महिन्यांत त्याला जुलाब लागले. डॉक्टरांनीं डबा हातांत घेतला, सूचना वाचली, आईकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां डबा खालीं ठेवला. माझा भाऊ वांचला नाहीं. त्या रिकाम्या डब्यांत आई पुढें कित्येक वर्षें मीठ ठेवीत असे. पत्र्याचा चांगला डबा टाकून देण्याची ऐपत आमची नव्हती.

मीं कोणावर आरोप करीत नाहीं. डब्यांतील भुकटी कदाचित् उत्तम असेल. पण जी सूचना वाचतां येत नाहीं ती असून नसल्यासारखीच.

आमच्या घरांत हें घडलें त्या काळीं देशांतील शास्त्रज्ञ मात्र स्वस्थ नव्हते. कुन्नूरची आहारसंशोधनशाळा १९५८ सालीं हैदराबादेस आली. तिनें भारतीय अन्नाच्या घटकांचे तक्ते घरोघर पोंचविले. म्हशीच्या दुधाची बाळांसाठीं भुकटी होणें शक्य नाहीं, असें परदेशी तज्ज्ञ सांगत. आणि आपल्याकडे तर म्हशीचेंच दूध मुबलक. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेनें त्यांतील स्निग्धांश व प्रथिनें यांचा मेळ घालण्याची रीत बसविली, आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघानें ती भुकटी तयार करून परदेशी डब्यांची मक्तेदारी मोडली.

कायद्याचें पाऊल मात्र उशिरा पडलें. १९७४ सालीं इंग्लंडांतील एका संस्थेनें बालान्नाच्या विक्रीविषयीं कडक टीका करणारी पुस्तिका काढली. १९७७ पासून अमेरिकेंत बहिष्काराची चळवळ उठली. अखेर २१ मे १९८१ रोजीं जागतिक आरोग्य सभेनें मातेच्या दुधाऐवजीं विकल्या जाणाऱ्या मालासंबंधीं आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतानें संमत केली. तें विरोधी मत अमेरिकेचें होतें. आपल्या देशांत मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनीं व ग्राहक चळवळीनें हा विषय लावून धरला. याच काळांत, १९८९ सालीं, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आईचें दूध नसेल तर डबा हाच एक मार्ग, ही समजूत त्या पेढीनें कृतीनें खोडून काढली.

१९९२ सालीं संसदेनें या विषयाचा कायदा केला व तो १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलांत आला. डब्यावर बाळाचें किंवा आईचें चित्र नको. आईचें दूधच उत्तम ही सूचना ठळक अक्षरांत हवी. फुकट नमुने नकोत. डॉक्टरांस देणग्या नकोत. २००३ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन दोन वर्षांच्या आंतील मुलांच्या सर्व तयार अन्नाच्या जाहिरातींस बंदी झाली, आणि पूरक अन्न चार महिन्यांनंतर ऐवजीं सहा महिन्यांनंतर, असा बदल झाला. आमच्या डब्यावरचें तें गुबगुबीत चित्र पुसलें जावयास पंचवीस वर्षें लागलीं.

परदेशांतील आणखी दोन प्रसंग सांगतों. १९७९ सालीं अमेरिकेंत एका सोयाबीनच्या बालान्नांतून मीठ कमी करण्याच्या भरांत क्लोराइडचा अंश फार घटला व बाळांची वाढ खुंटली. १९८० सालीं तेथें घटकांचें किमान प्रमाण ठरविणारा कायदा झाला. २००८ सालीं चीनमध्यें पाणी घातलेल्या दुधांत मेलॅमिन नांवाचें रसायन मिसळलें गेलें. प्रथिनें मोजावयाची ती त्यांतील नायट्रोजनावरून. मेलॅमिनमध्यें नायट्रोजन भरपूर, म्हणून दूध परीक्षेंत उत्तीर्ण झालें. सुमारें तीन लाख मुलें आजारी पडलीं, सहा दगावलीं. परीक्षेची एकच ठराविक रीत असली कीं ती चुकविण्याची युक्तीहि निघते, हें शिक्षकाला वेगळें सांगावयास नको!

आतां अगदीं अलीकडची गोष्ट. एप्रिल २०२४ मध्यें ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनें, बालान्नविषयक आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या साह्यानें, एक अहवाल काढला. नेसलेचें सेरेलॅक हें गव्हाचें बालान्न जर्मनी व इंग्लंडमध्यें वेगळी साखर न घालतां विकलें जातें, तर भारतांतील त्याच मालांत एका वेळच्या वाढणींत सरासरी सुमारें पावणेतीन ग्रॅम घातलेली साखर आढळते, असें त्यांत दाखविलें. कंपनीनें उत्तर दिलें कीं आपण देशाचे नियम पाळतों व पांच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत घटविली आहे. नियम पाळल्याचें हें उत्तर आपण नीट ऐकावें. २०२० सालच्या आपल्या बालपोषण नियमांत ऊस-साखर व फळसाखर घालूं नये असें म्हटलें आहे. पण पुढें ‘आवश्यक असल्याखेरीज’ ही पळवाट आहे, आणि एकूण पिष्टमय पदार्थांच्या २० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे. म्हणजे दोष एकट्या डब्याचा नव्हे, मापाचाहि आहे. हा गवगवा झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्यें कंपनीनें शुद्ध साखरविरहित प्रकार बाजारांत आणण्याचें जाहीर केलें. सहा महिन्यांपूर्वीं जें अवघड वाटत होतें तें सहा महिन्यांत साधलें! बाळाच्या जिभेला पहिल्या वर्षीं जी गोडी लागते ती पुढें सुटणें कठीण, म्हणून हा प्रश्न चमच्याएवढा दिसला तरी जन्माचा आहे.

बाजाराप्रमाणें सरकारी पाकिटाकडेहि पाहिलें पाहिजे. अंगणवाडीमार्फत तीन वर्षांखालील मुलांस घरीं नेण्याचा शिधा मिळतो. हें अन्न ठेकेदारांकडून घेऊं नये, गांवच्या महिला मंडळांकडून व बचत गटांकडून घ्यावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं दिला. तरी आपल्या महाराष्ट्रांत निविदांच्या अटी अशा घातल्या गेल्या कीं लहान गट बाहेरच राहावे. त्या अटी न्यायालयानें फेब्रुवारी २०१९ मध्यें रद्द केल्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं मुलें देशांत शंभरांत अवघीं अकरा निघालीं. आणि महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शंभरांतील जवळ जवळ एकोणसत्तर मुलांच्या रक्तांत पांढुरकी आढळली. पाकीट पोंचणें आणि पोषण पोंचणें या दोन गोष्टी आहेत.

मग घरचें तेंच चांगलें, डबा नकोच, असें म्हणावें काय? तसेंहि सरसकट म्हणवत नाहीं. जें माप डब्याला तेंच आमच्या वाटीला लावलें पाहिजे. नाचणींत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे, हें तिचें मोठेपण; पण सत्त्व काढतांना आपण तें फडक्यांतून गाळतों आणि कोंड्याबरोबर लोहाचाहि अंश टाकून देतों. भाताच्या नुसत्या निवळीनें पोट भरतें, बाळ भरत नाहीं. गुटी आणि मध चाटविण्याची हौसहि आवरली पाहिजे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीहि नको, आणि वर्षाच्या आंत मध तर मुळींच नको, असें आजचें वैद्यक सांगतें. मोड आलेल्या नाचणीचें न गाळलेलें पीठ, त्यांत भाजलेल्या मुगाचें पीठ, वर चमचाभर तूप. जोडीला मऊ वरणभात, कुसकरलेली भाजी, केळें, आणि खाणाऱ्या घरीं अंडें. एवढें बहुतेक घरीं साधण्यासारखें आहे.

पण तें शिजवावयास आई घरीं हवी, किंवा तिच्या जागीं कोणी हवें. मुंबई इलाख्यांत गिरणीकामगार स्त्रियांसाठीं १९२९ सालीं प्रसूति-साह्याचा कायदा झाला; विधिमंडळांत डॉ. आंबेडकरांनीं त्याची बाजू मांडली होती. २०१७ पासून ही पगारी रजा सव्वीस आठवड्यांची आहे. ती ज्या मोठ्या कारखान्यांस लागूं आहे तेथें ठीक. चार मागांच्या पत्र्याच्या शेडमध्यें काम करणाऱ्या बाईला तिचा लाभ क्वचितच होतो. तिच्यासाठीं डबा ही चैन नाहीं, निरुपाय आहे. म्हणून डब्यांतला माल निर्दोष असलाच पाहिजे.

आणि त्यावरचीं अक्षरें तिला वाचतां आलीं पाहिजेत. आजच्या अन्न-लेबलाच्या नियमानें मजकूर इंग्रजींत किंवा हिंदींत असला कीं पुरे. दुसरी भाषा छापण्यास मनाई नाहीं, पण सक्तीहि नाहीं. महाराष्ट्रांत विकल्या जाणाऱ्या बालान्नावर मराठी मजकूर असावा, आणि ‘साखर’ हा शब्द भिंग न लावतां दिसावा, ही मागणी कांहीं फार मोठी नव्हे. आपण सुशिक्षित कुटुंबांतील आहांत. दुकानदारास विचारा, कंपनीस पत्र लिहा, अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास कळवा. आजवर डब्यावर जो जो चांगला शब्द आला तो कोणीतरी विचारल्यावांचून आलेला नाहीं.

सूनबाईला मीं काय सांगितलें? त्या डब्यांतील घटकांत साखर तिसऱ्या क्रमांकावर होती. म्हणून तो परत केला आणि नाचणी भिजत घातली. प्रवासासाठीं बिनसाखरेचा एक लहान डबा घेतला. आतां संध्याकाळीं गल्लींतील दोनचार बाया आपापले डबे व पाकिटें घेऊन आमच्या सोप्यावर येतात. मी भिंग धरून वाचतों, त्या ऐकतात, आणि पाण्याला किती चमचे हें तोंडपाठ म्हणून दाखवितात. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटली नाहीं असें लोक म्हणतात. म्हणोत. १९६८ सालीं आमच्या गल्लींत असा एखादा वाचणारा असता, तर माझ्या भावाचें वय आज सत्तावन्नाच्या पुढें असतें.